खिशातला दुसरा चाकू

५ नोव्हेंबर

आज उजव्या खिशात शिंगाच्या मुठीचा लहान चाकू ठेवला. दिवसभरात काही कापायची वेळ आली नाही, पण हात सारखा खिशात जात होता.

लेक जाताना म्हणाली, “बाबा, बोलत नाही तर निदान लिहा तरी.” काचा पुरवणाऱ्या कंपनीने वर्षाच्या सुरुवातीला पाठवलेली डायरी कोरीच पडली होती, तीत लिहितो आहे. मला लिहायची सवय नाही. गिऱ्हाइकाचे डोळे तपासून नंबर चिठ्ठीवर उतरवायचा, एवढेच माझे लिहिणे.

चाकू हिचे आहेत. ही गेल्यावर पाहुणे काही दिवस होते, लेक त्याहून जास्त राहिली. लेकही गेली आणि घर एकदम इतके मोठे झाले की कुठे बसावे कळेना. म्हणून काल हिच्या कपाटाचा वरचा खण आवरायला घेतला. बायकोच्या वरच्या खणात लोकांकडे दागिने निघतात. आमच्याकडे चाकू निघाले. एक हा शिंगाच्या मुठीचा, दोन लहान पात्यांचा. दुसरा छाटणीचा, पाते पोपटाच्या चोचीसारखे वाकडे. दोन्ही घडीचे, दोन्ही आमच्या लग्नापेक्षा जुने. बाकीचे इस्पितळाने दिलेल्या पिशवीत असतील. ती पिशवी अजून दाराच्या खुंटीलाच आहे.

ही रोपवाटिकेत डोळे भरायची. रानटी गुलाबाच्या खोडाची साल चिरायची, त्या चिरेत चांगल्या गुलाबाचा डोळा बसवायचा आणि वरून पट्टी बांधायची. रोज सकाळी खणापुढे उभी राहून त्या दिवसाचे चाकू निवडायची. पाते उघडायची, धार अंगठ्याच्या नखावर बघायची आणि मिटायची. खट. मी न्हाणीघरात असलो तरी तो आवाज यायचा आणि आता चहा ठेवायचा, हे मला कळायचे.

आज तो आवाज मी केला. चहा ठेवायला विसरलो.

६ नोव्हेंबर

आज वाकड्या पात्याचा. खिशात जड लागतो, चालताना मांडीवर आपटतो. दुपारी एका फ्रेमचे खोके उघडायला काढला तर भागीदार मागे सरकला. आम्ही शाळेपासूनचे दोस्त, दुकानही दोघांचे.

“काय रे,” तो म्हणाला, “डोळे तपासायचे सोडून आता डोळे काढणार का लोकांचे?”

गिऱ्हाईक होते, त्या बाई हसल्या. मीही हसलो असेन. नंतर त्याचे त्यालाच वाईट वाटले. मागच्या खोलीत येऊन उगाच माझ्या खांद्यावर हात ठेवून उभा राहिला. म्हणाला, “ठेव की. ठेव खिशात. तुला बरं वाटतंय ना?”

बरे वाटते असे नाही. रिकामा खिसा असला की जास्त वाईट वाटते, एवढेच.

८ नोव्हेंबर, रविवार

पिशवी उघडली.

हिची चप्पल, कामाचा डगला, रुमाल, घड्याळ. डगल्याला माती होती. गुलाबाच्या वाफ्यात बसल्या बसल्याच ही कलंडली. बाकीच्या बायकांना वाटले, वाकून काहीतरी शोधते आहे.

डोळे भरायचा चाकू हातातच होता म्हणे. काळ्या लाकडाची मूठ, सरळ पाते, आणि मुठीच्या दुसऱ्या टोकाला साल उचलायला पितळेची बारीक जीभ. मुठीला हिच्या बोटांचे खळगे पडले आहेत. माझी बोटे त्यांत बसत नाहीत, कारण ही डावरी.

डगल्याच्या खिशात आणखी एक होता. तो मी बघताक्षणी ओळखला. पिवळट मूठ, आखूड पाते, टोक मोडलेले. याला धार म्हणून नाहीच. हा रोज दुपारी माझ्याच हातात असायचा.

दुपारी ही रोपवाटिकेतून दुकानात यायची. मागच्या खोलीत आम्ही डबा खायचो. जेवण झाले की ही पिशवीतून सफरचंद काढायची आणि डगल्यातून हा चाकू. “कापा,” म्हणायची. मी कापायला लागायचो. चाकू अर्ध्यापर्यंत जायचा आणि अडकायचा. कितीही दाबा, पुढे म्हणून सरकायचा नाही. ही थोडा वेळ मजा बघायची. मग हात पुढे करायची. “आणा इकडे. तुमच्या हातून सफरचंदाचाही जीव जात नाही.” चाकू अडकलेले सफरचंद तसेच तिच्या हातात द्यायचे. ती मनगटाला असा काही हिसका द्यायची की त्याचे दोन तुकडे व्हायचे. मोठा तुकडा मला.

हा चाकू कधी आला, आठवत नाही. माझ्या हृदयाची झडप बदलली, त्यानंतर मी दुकानात परत जायला लागलो त्या सुमारास असेल. त्याआधी मी खोकी दाढीच्या पात्याने फोडत असे.

लेकीचा फोन आला. पिशवी उघडली हे सांगितले नाही. “गोळी घेतली?” तिने विचारले. रक्त पातळ राहावे म्हणून संध्याकाळी गोळी घ्यावी लागते. हे आधी तिची आई विचारायची, आता ती विचारते. घेतली म्हणालो आणि फोन ठेवून घेतली.

११ नोव्हेंबर

आज डोळे भरायचा. हाच हिचा खरा चाकू. रोज सकाळी बाकीच्यांतून निवड व्हायची, पण हा कायमचा ठरलेला असायचा. याच्या जोडीला कोण, एवढाच प्रश्न. म्हणून मीही ठरवले, रोज खिशात ठेवायचा तर हाच.

काचांचे पार्सल आले ते याने फोडले. पाते कागदातून गेले ते कळलेही नाही. इतकी धार मी कधी हातात धरली नव्हती. चिकटपट्टीचा डिंक पात्याला लागला, तो रुमालाने पुसला.

१४ नोव्हेंबर

आज मावशी दुकानात आल्या. माझ्या नात्यातल्या नाहीत. रोपवाटिकेत सगळेच त्यांना मावशी म्हणतात. ही आणि त्या एकाच वाफ्यावर समोरासमोर बसायच्या. मला त्या जावईबापू म्हणतात. हिला लेकीसारखी मानायच्या म्हणून की नुसते चिडवायला, हे मी कधी विचारले नाही.

“डोळा दिसत नाही मला,” म्हणाल्या.

“कुठला डोळा?”

“गुलाबाचा हो. माझे दोन आहेत जागेवर.”

तक्त्यावरची अक्षरे त्यांनी शेवटच्या ओळीपर्यंत धडाधड वाचली. लांबचे उत्तम आहे, जवळचा नंबर लागला आहे. मी फ्रेमचे खोके उघडायला खिशातून चाकू काढला आणि मावशी खुर्चीवरून उठल्याच.

“अहो! त्यानं खोकं फोडताय?”

मी थांबलो.

“त्यानं सालीशिवाय दुसरं काही कापायचं नसतं. तिनं बघितलं असतं ना, तर त्याच खोक्यात भरलं असतं तुम्हाला.” चाकू माझ्या हातातून घेतला, पाते उजेडाकडे धरले. डिंक नखाने काढला. डोळे भरून आले होते त्यांचे, तरी बोलणे चालूच. “आणि धारवाल्याकडे तर बिलकुल द्यायचा नाही. एकाच बाजूनं धार असते याला. तो मेला दोन्ही बाजूंनी लावून ठेवील. एकदा तसं झालं की डोळा धरत नाही.”

मी म्हणालो, तुम्हीच घेऊन जा, तुमच्या कामाला येईल. त्यांनी मान हलवली. “डाव्या हाताचा आहे. आमच्यातलं दुसरं कोणी डावरं नाही. आणि तसंही आपला चाकू दुसऱ्याच्या हातात जायचाच नसतो.”

“कधीच नाही?”

“कधीच. म्हणून तर आम्ही दोन बाळगतो. एक आपला, एक मागत्यांचा. माळी येतो, गाडीवाला येतो, जरा चाकू दे गं, सुतळी कापायचीय. त्याला तो दुसरा काढून द्यायचा. तुमच्या बायकोचा तर असला बोथट होता की एकदा नेणारा परत मागायला यायचा नाही.” मावशी हसल्या. “हुशार होती.”

मी त्यांचा नंबर चिठ्ठीवर लिहिला. दोनदा चुकला.

१५ नोव्हेंबर, रविवार

मागत्यांचा.

हिच्यापाशी दोन चाकू असायचे. एक हिचा आणि एक मागत्यांचा. माळ्याला जो द्यायची, गाडीवाल्याला जो द्यायची, तोच दुपारी मला द्यायची.

हे वाईट आहे असे म्हणता येत नाही. ती त्यांच्या कामाची रीतच आहे. दुसऱ्याच्या हाताने धार बिघडते, हे मलाही पटते. आमच्याकडेही तपासणीच्या काचा मी कुणाला हाताळू देत नाही. भागीदारालासुद्धा नाही.

पण मी तिला इतर कुणासारखा वाटत होतो का, एवढेच मनात येते. विचारायला ती नाही. असती तर विचारले नसते, तेही खरे. आमचे तसे बोलणे नव्हते. ती बोलायची आणि मी ऐकायचो. माझे ऐकून घेणे तिला आवडते असे मी समजून होतो.

आज कुठलाच चाकू खिशात ठेवला नाही. कुठे जायचेही नव्हते.

१७ नोव्हेंबर

दाढीचे मशीन बंद पडले. हेही हिनेच आणले होते, इस्पितळातून आलो तेव्हा. माझे जुने पाते आणि दाढीचा ब्रश तेव्हाच दिसेनासे झाले. “टाकून दिलं. जग कुठं चाललंय आणि तुम्ही कुठं,” असे म्हणाली होती. मशीन दुरुस्तीला दिले. आज दाढी न करताच दुकानात गेलो.

भागीदाराने त्याच्या बायकोने दिलेली फळे आणली होती. सफरचंदेही होती. भूक नाही म्हणून सांगितले.

१९ नोव्हेंबर

धारवाला सायकल उभी करून चाक फिरवत बसला होता. खिशात बोथट चाकू होता. गेले काही दिवस मुद्दामच तो ठेवत होतो. का, ते सांगता येणार नाही. दुखऱ्या दाताला जीभ लागते, तसे.

मनात आले, हा डोळे भरायचा नाही, याला दोन्ही बाजूंनी धार लावली तरी कुणाचे काही बिघडत नाही. हा काही कुणाच्या जिवाचा चाकू नव्हे. निदान धड कापेल असा तरी करावा. माझ्यापाशी एक तरी चाकू असा असावा, जो मागत्याचा नाही.

धारवाल्याने पाते उघडले, नखावर फिरवले आणि माझ्याकडे बघितले.

“काय हो साहेब, याच्यावर कुणाचा राग होता का?”

“का?”

“धार गेलेली नाहीये ही. घालवलीय. दगडावर उभं धरून घासलंय कुणीतरी, पार या टोकापासून त्या टोकापर्यंत. आणि टोक मोडल्यासारखं दिसतं, ते मोडलेलं नाही. बघा, गोल केलंय. बोट फिरवा. काही लागतं का?”

बोट फिरवले. गुळगुळीत होते.

“एवढी मेहनत धार लावायला कुणी घेत नाही,” तो म्हणाला. “लोखंड चांगलं आहे. टोकही काढून देऊ?”

काढ म्हणालो. या लोकांना बोलायची हौस असते. चाक फिरायला लागले, ठिणग्या उडाल्या, मी बघत उभा राहिलो. परत हातात आला तेव्हा पाते थोडे अरुंद झाले होते आणि चकाकत होते. त्याने कागदाचा तुकडा हवेत धरून कापून दाखवला.

मागत्यांना धार मिळू नये म्हणून एवढे घासायचे. इतका चिकटपणा हिच्यात होता, हे मला माहीत नव्हते.

२२ नोव्हेंबर, रविवार

लेक काल आली, आज संध्याकाळी गेली. येते ती आवरायलाच घेते. स्वयंपाकघरातले डबे उतरवले, पुसले, परत लावले. तिच्या आईने लावले होते त्याच क्रमाने. आपण तसे करतो आहोत हे तिच्या लक्षात आले नसावे.

“बाबा, माझ्याकडे चला. इथं एकटे काय करता?”

“दुकान आहे.”

“दुकान काकाही बघतील.” काका म्हणजे भागीदार.

“बघू.”

“तुमचं ‘बघू’ म्हणजे ‘नाही’. आई सांगायची, या माणसाला नाही म्हणता येत नाही म्हणून बघू म्हणतो. तिला बघायला आलात तेव्हाही तिच्या वडिलांना ‘बघू’ म्हणाला होतात म्हणे.”

हसलो दोघे. मग ती रडली. मला तसे पटकन रडता येत नाही. मी पाणी आणून दिले.

डोळे भरायचा चाकू तिच्यापुढे ठेवला. तिने डाव्या हातात घेतला. बोटे खळग्यांत बरोबर बसली. लेकही डावरी आहे, हे मला काही आजच कळले नाही, पण तिच्या हातात तो चाकू मी आधी कधी बघितला नव्हता. हात हिचाच वाटला. मी दुसरीकडे बघितले.

“मी काय करू याचं? माझ्याकडे कुंडीसुद्धा नाही.”

“खोकी फोडू नकोस म्हणजे झालं,” म्हणालो.

तिने तो रुमालात गुंडाळून पर्समध्ये ठेवला. माझ्या खिशाकडे बघून म्हणाली, “आणि तुम्ही हे काय नवीन सुरू केलंय? काकांनी सांगितलं मला. आईनं तुम्हाला कात्रीसुद्धा लहान पोरांची आणली होती, गोल टोकांची. आठवते ना?”

आठवते. दुकानात अजून तीच आहे, लाल रंगाची. हिला मी अगदीच धांदरट वाटत असणार. काचा घासताना आजवर माझ्या हातून एक फुटलेली नाही, हे तिला कुणी सांगायला हवे होते.

२५ नोव्हेंबर

मावशी चष्मा न्यायला आल्या. नाकावर चढवला, आपला तळहात डोळ्यांपुढे धरला. “अगं बाई,” म्हणाल्या, “एवढी म्हातारी झाले मी?” भागीदाराने चहा मागवला.

मग त्यांनी पिशवीतून एक चाकू काढून टेबलावर ठेवला. लाल मुठीचा, पाते गंजलेले. मी तो कधी बघितला नव्हता.

“हा तिचा. आदल्या दिवशी मी मागून घेतला आणि परत द्यायचा राहिला. घरी नेला, रोज बघते आणि रोज जिवाला लागतं. तुमच्याकडे असू दे.”

“तिचा कुठला?”

“मागत्यांचा हो. सांगितलं नव्हतं का तुम्हाला? बघा धार. लोणीसुद्धा कापलं जायचं नाही.”

मी खिशातला चाकू काढला. “मग हा?”

मावशींनी नव्या चष्म्यातून नीट बघितला. उलटा केला, सुलटा केला. “हा नाही बुवा पाहिला कधी. वाफ्यावर तर तिनं हा कधी काढला नाही.”

“तिच्या डगल्याच्या खिशात होता. त्या दिवशी.”

“असेल. डगल्याला तिच्या आतून एक खिसा होता, त्यात काहीतरी असायचं खरं. दुपारी तुमच्याकडे निघाली की चाचपून बघायची. मी म्हणायचे, नवऱ्याकडे चाललीस की लढाईला?” त्यांनी पात्यावर अंगठा नेला आणि झटकन मागे घेतला. “ही असली धार लावून ठेवलीत तुम्ही?”

“हा कुणासाठी होता मग?”

“मला काय विचारता जावईबापू,” मावशी म्हणाल्या. “बायको तुमची.”

२६ नोव्हेंबर

लाल मुठीचा खणात ठेवला, शिंगाच्या आणि वाकड्याच्या शेजारी. सकाळी बराच वेळ खणापुढे उभा होतो. शेवटी पिवळट मुठीचाच उचलला. मागत्यांचा नाही तर कुणाचा, हे कळेपर्यंत हाच खिशात राहू दे.

२७ नोव्हेंबर

डावा हात बांधलेला आहे. बरे झाले, मी डावरा नाही.

दुपारी डबा उघडला. स्वतः केलेला, खारट. खाऊन झाल्यावर वाटले, आज सफरचंद खावे. सकाळी येताना घेतले होते. भागीदार जेवायला घरी गेला होता. डाव्या तळहातावर सफरचंद धरले, उजव्या हातात चाकू घेतला आणि रोज दाबायचो तसा सगळा जोर लावून दाबला.

अडकला नाही. एका झटक्यात सबंध सफरचंदातून गेला आणि तळहातात घुसला.

दुखले नाही. सफरचंदाचे दोन तुकडे दोन बाजूंना पडले. रक्त यायला लागले ते थांबेना. रुमाल बांधला, तो भिजला. चष्मे पुसायची फडकी बांधली, ती भिजली. भागीदार आला तोवर टेबलापासून मोरीपर्यंत सगळे लाल झाले होते. त्याने मला रिक्षात घातले. वाटेत तो मला शिव्या देत होता आणि माझा हात आपल्या दोन्ही हातांत वर धरून बसला होता.

डॉक्टर नेहमीचेच, झडपेच्या वेळेपासूनचे. त्यांनी टाके घातले. बराच वेळ दाबून धरले, परत बघितले, परत दाबले. मग म्हणाले,

“रोज रक्त पातळ करायची गोळी घेता तुम्ही. तुम्हाला घरी सोडतानाच मी बजावलं होतं. पातं नको, कात्री नको, टोकदार काही नको. तुमच्या मिसेसनी दोन वेळा विचारून घेतलं होतं, काय काय चालणार नाही ते. तुम्हाला एवढा धारदार चाकू दिला कुणी?”

“कुणी नाही,” मी म्हणालो.

रिक्षात परत येताना भागीदार काहीबाही बोलत होता. मला ऐकू येत नव्हते. माझेच उत्तर कानात होते. कुणी नाही. झडप बदलून आलो तेव्हापासून मला धारदार चाकू कुणी दिलाच नव्हता.

२९ नोव्हेंबर, रविवार

इस्पितळातून आलो तेव्हा मी आतल्या खोलीत झोपून असायचो. एका दुपारी मागच्या पायरीवरून खर्र खर्र असा आवाज येत राहिला. थांबला वाटले की परत सुरू. मी पडल्या पडल्या ओरडलो, “अगं, किती वेळ धार लावणार आहेस?”

“झालंच,” ही म्हणाली.

पुढेही बराच वेळ चालले होते.

हे मला काल आठवले. इतकी वर्षे ते मी हिच्या कामाचे काहीतरी म्हणून सोडून दिले होते.

धारवाल्याने सांगितले, तेव्हा मी समोर उभा होतो. त्याने मला बोट फिरवायला लावले होते. गुळगुळीत आहे, हे माझ्या बोटाला कळले होते. आणि मी काढ म्हणालो. हिने घासलेले सगळे त्या चाकावर ठिणग्या होऊन उडाले आणि मी पैसे देऊन ते बघत उभा राहिलो.

मागच्या पायरीवर आज मी बसलो. हिचा दगड घेतला. डाव्या हाताने धरवत नाही, म्हणून दगड दोन पायांत दाबून धरला. पाते उभे धरून ओढले. धार सहजासहजी जात नाही. नखावर बघितले, अजून होती. परत ओढले. टोक गोल करायला आणखी वेळ लागतो, ते एकाच बाजूला झुकते. हिला ते इतके सारखे कसे जमले असेल?

शेजारच्या बाईंनी कुंपणावरून विचारले, “धार लावताय का?”

“हो,” म्हणालो.

१ डिसेंबर

काल आणि आजही पायरीवर बसलो. आता नखावर फिरवले तर नुसते घसरते. टोक हिच्यासारखे झालेले नाही, थोडे तिरके आहे. पण बोटाला लागत नाही.

लेकीचा फोन आला. भागीदाराने हाताचे तिला सांगितले होते, त्यामुळे आधी रागावली. मग म्हणाली, “ते सगळे चाकू कुणाला तरी देऊन टाका बाबा.”

“शिंगाचा तुला. वाकडा आणि लाल मावशींना. एक मी ठेवतो.”

“कुठला?”

“कापत नाही तो.”

“मग चालेल,” म्हणाली.

२ डिसेंबर

सकाळी खण उघडला. पाते नखावर बघितले, मिटले. खट. चहा ठेवला.

दुपारी डबा झाल्यावर मागच्या खोलीत सफरचंद काढले. डावा हात अजून नीट मिटत नाही, म्हणून टेबलावर ठेवून वरून दाबले. चाकू अर्ध्यापर्यंत गेला आणि अडकला. मी दाबून बघितले. पुढे म्हणून सरकला नाही.

मग चाकू अडकलेले सफरचंद उचलले आणि समोरच्या खुर्चीकडे हात पुढे केला.

बराच वेळ तसाच धरून बसलो होतो.